वऱ्हाळ्यातला ऱ

भिवंडीत कामतघरला वऱ्हाळा तलाव आहे. पाट्या रंगवणारा पेंटर हे नाव डोळे मिटून लिहील. कॉम्प्युटरला मात्र त्यातलं एक अक्षर अजूनही अधूनमधून अडवतं. ते म्हणजे 'व' आणि 'हा' यांच्यामध्ये पापणीसारखा आडवा पडलेला अर्धा र. हिंदीचं त्याच्यावाचून काही अडत नाही. मराठीत तो नसला, की आचार्यांची दक्षिणा आचाऱ्यांच्या खिशात जाते आणि डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो.

युनिकोडमध्ये हा र लिहायच्या दोन वाटा आहेत. एकीत खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त लावायचा. दुसरीत साधा र, मग हलन्त आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं एक न दिसणारं चिन्ह. फॉन्ट चांगला असेल तर पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मशीनच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने याचा विचार केलेला नसेल, तर एका पद्धतीने साठवलेला वऱ्हाळा दुसऱ्या पद्धतीने शोधला की सापडत नाही. ते न दिसणारं चिन्ह कॉपी-पेस्टच्या गडबडीत गळलं, तर र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. बर्लिनमध्ये बसलेल्या कितीही हुशार प्रोग्रामरला ही चूक चूक म्हणून दिसणार नाही. भिवंडीत दहावीला बसलेल्या मुलीला ती एका नजरेत दिसते.

अशी चूक त्या मुलीला स्वतः दाखवता येईल अशी जागा म्हणजे ओपन सोर्स : ज्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा आणि पुढे वाटावा, असं सॉफ्टवेअर. त्याच्या जगात नवख्याचं स्वागत कुठे होतं, हा प्रश्न कॉलेजातली मुलं सतत विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सोडवला जातो. पाहुणा आधी चांगला यजमान शोधत फिरतो आणि तिथे जाऊन काय करायचं, हे नंतर बघू म्हणतो.

मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीला असलेल्या मुलाला सीनियर सांगतात, 'ओपन सोर्समध्ये काँट्रिब्यूट कर, रेझ्युमेला वजन येतं.' मुलगा गिटहबवर खातं उघडतो. तिथे बरेच प्रकल्प सोप्या कामांवर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावून ठेवतात. नावाजलेल्या प्रकल्पात चिठ्ठी लागायचा अवकाश, की खाली रांग लागते : 'सर, प्लीज असाइन मी.' समोर सर आहेत की मॅडम, हेही कोणी पाहिलेलं नसतं. रांगेतल्या बहुतेकांनी ते सॉफ्टवेअर कधी वापरलेलं नसतं, काहींनी तर ते उतरवूनही घेतलेलं नसतं. काम एकाला मिळतं, तोही पुष्कळदा अर्ध्यावर सोडतो आणि उरलेले पुढच्या चिठ्ठीकडे वळतात. सीएसएमटीला गाडी लागताना फलाटावर जे दृश्य दिसतं, त्याचीच ही आवृत्ती.

या घाईचा कळस २०२० च्या ऑक्टोबरात झाला. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून 'हॅक्टोबरफेस्ट' भरवत आली होती. ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी ती योजना होती. पुल रिक्वेस्ट म्हणजे 'मी तुमच्या कोडमध्ये एवढा बदल केलाय, पटला तर घ्या' असा प्रस्ताव. त्या वर्षी हजारो प्रकल्पांवर निरर्थक प्रस्तावांचा पाऊस पडला. कोणी माहितीपत्रकात एखादं विशेषण घुसडलं, कोणी एक जागा वाढवली, कोणी नुसतं आपलं नाव लिहिलं. वैतागलेल्या मेंटेनर मंडळींनी, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी, इतका आरडाओरडा केला, की आयोजकांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पाने स्वतःहून भाग घेतला असेल, तिथलेच प्रस्ताव मोजायचे ठरलं. टी-शर्ट होजिअरीचा आणि भिवंडीचे यंत्रमाग विणतात ते ग्रे म्हणजे कोरं कापड, त्यामुळे या गावाचा या प्रकरणाशी थेट संबंध नाही. तरी एका सदऱ्यासाठी एवढा धुमाकूळ झालेला पाहून यंत्रमागवाल्यांना हसू आलं असतं.

२०२४ च्या सुरुवातीला 'एक्स्प्रेस' या जावास्क्रिप्टच्या अतिशय प्रसिद्ध प्रकल्पावर अशीच लाट आली. हिंदीतल्या एका लोकप्रिय व्हिडिओ-पाठात पुल रिक्वेस्ट कशी पाठवावी, याचं प्रात्यक्षिक याच प्रकल्पाच्या रीडमी फाइलवर, म्हणजे माहितीपत्रकावर, दाखवलं होतं. बघणाऱ्यांनी ते उदाहरण म्हणून न घेता जसंच्या तसं गिरवलं. शेकडो प्रस्ताव आले आणि पुष्कळांत बदल एवढाच, की रीडमीत स्वतःचं नाव. गडाच्या बुरुजावर नाव कोरणाऱ्यांची आठवण व्हावी. फरक इतकाच, की बुरुजावरची नावं पुसायला रोज सकाळी कोणी येत नाही; इथे दोन-चार माणसांना बसून एकेक प्रस्ताव बंद करावा लागला.

ही दोन-चार माणसं कोण, हे पाहिल्याशिवाय स्वागताची चर्चा पुढे सरकत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' नावाची त्रुटी सापडली, तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटवरच्या कुलपांचा मोठा हिस्सा ज्या ओपनएसएसएलवर चालतो, त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. 'कर्ल' हे साधन जगभरच्या गाड्यांत, टीव्हींत आणि फोनांत आहे. त्याचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग गेली काही वर्षं तक्रार करत आहेत, की यंत्राकडून लिहवून घेतलेले सुरक्षेचे खोटे अहवाल तपासण्यात त्यांच्या लोकांचे दिवस जातात. अशा घरी पाहुणा जातो तेव्हा यजमानाच्या कपाळाला आठी पडलेली असते, ती त्याच्याविषयी नसते. त्याच्या आधी आलेल्या शंभरांची असते.

म्हणजे दोष सगळा नवख्यांचा का? मुळीच नाही. तितक्याच खुल्या असलेल्या इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घसरायला लागली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने त्याचं कारण दाखवलं : उपद्रवी लोकांना आवरण्यासाठी बसवलेली स्वयंचलित साधनं चांगल्या मनाने आलेल्या नवख्यांचंही लिखाण क्षणात उडवत होती आणि एकदा लिखाण उडवलं गेलं की माणूस सहसा परत येत नव्हतं. विकिपीडियाने २०१२ मध्ये 'टीहाउस' नावाचं पान सुरू केलं, जिथे कोणताही बावळट प्रश्न विचारला तरी माणूस उत्तर देतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा. त्यात चर्चेच्या पानाला 'चावडी' म्हणतात आणि सरावाच्या पानाला 'धूळपाटी'. पूर्वी मुलं पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवत. पुसायला हात फिरवला की झालं. चुकायला जागा ठेवणारं इतकं नेमकं नाव इंग्रजीतल्या 'सँडबॉक्स'लाही साधलेलं नाही. अर्थात नाव धूळपाटी ठेवलं म्हणून गिरवणाऱ्याच्या शेजारी कोणी बसतंच, असं नाही.

उद्धटपणाचाही इतिहास आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं जाहीर ईमेलमधून सहकाऱ्यांना जे ऐकवत, ते कोणत्याही ऑफिसात चाललं नसतं. १६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांनी त्याबद्दल माफी मागितली, काही आठवडे सुट्टी घेतली आणि त्याच वेळी लिनक्स कर्नलने वर्तनाची नवी आचारसंहिता स्वीकारली. बायकांना या जगात पाय ठेवायला जागा मिळावी, म्हणून २००६ मध्ये ग्नोम प्रकल्पातून एक उपक्रम निघाला. तोच पुढे 'आउटरीची' झाला. त्यात शिकाऊंना मानधन मिळतं. तेव्हा 'दार सगळ्यांना उघडं आहे' हे वाक्य ज्यांनी लिहिलं, त्यांना उंबरठा किती उंच आहे हे मोजायची गरज पडली नव्हती, एवढं म्हणायला हरकत नाही.

मग ओळखायचं कसं? स्वागताच्या मजकुरावर जाऊ नये. तो आता सगळेच लिहितात, एकाचा बघून दुसरा लिहितो. लग्नपत्रिकेवर 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं असतंच. पाहायचे ते नकार. प्रकल्पाच्या पानावर न स्वीकारता बंद केलेल्या पुल रिक्वेस्टची यादी असते. त्यातल्या शेवटच्या दहा उघडाव्यात. उत्तर किती दिवसांनी आलं? 'नको' एवढंच लिहिलंय की का नको तेही? चुकलेल्या माणसाने पुढच्या महिन्यात पुन्हा काही पाठवलं का? बंद केलेल्या प्रस्तावाखाली एखाद्या मेंटेनरने 'कल्पना बरोबर आहे, पण हे अमुक फाइलमध्ये व्हायला हवं' असं लिहिलं असेल, तर त्या घरात जायला हरकत नाही. तिथली भाषा कोरडी असली तरी. गोड पण महिनाभर गप्प, यापेक्षा कोरडं पण दोन दिवसांत आलेलं उत्तर केव्हाही बरं. यादीत नुसती शांतता असेल, प्रस्ताव वर्षवर्ष तसेच पडून असतील, तर ते घर बंद आहे. कडी वाजवत बसू नये.

दुसऱ्या बाजूने यजमानालाही जपून राहावं लागतं. 'एक्सझेड' हे फाइली आवळून लहान करणारं छोटंसं साधन लासे कोलिन हा गृहस्थ जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी २०२१ च्या अखेरीपासून त्याला नेमके, उपयोगी बदल पाठवू लागलं. मधल्या काळात काही अनोळखी खात्यांनी कोलिनच्या मागे टुमणं लावलं : तुम्हाला वेळ नाही, तर दुसऱ्याला हक्क द्या. त्याने दिले. २०२४ च्या सुरुवातीच्या दोन आवृत्त्यांत जिया टॅनने चोरदार बसवलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेमागे लागून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते पकडलं आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं, नाहीतर जगभरचे सर्व्हर उघडे पडले असते. या प्रकरणात सर्वांत आदर्श नवखा जिया टॅनच होता : नम्र, कष्टाळू, चिकाटीचा. त्यानंतर अनोळखी माणसाकडे यजमान जरा डोळे बारीक करून पाहू लागले, तर त्यांना बोल लावता येत नाही.

इथे भिवंडीचा अनुभव उपयोगी पडतो. २०११ च्या जनगणनेत ७ लाख ९ हजारांवर गेलेलं हे शहर अनोळखी माणसांवरच वाढलं. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली आगरी-कोळ्यांच्या जुन्या गावांशेजारी वसले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथे आले, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तर गिरण्यांचं कामही इथे वळलं. पण मागावर कोणी पाटी वाचून लागत नाही. गाववाला आणतो, खाण्याची सोय तोच लावतो. नवखा आधी कांड्या भरतो, तुटलेला धागा जोडायला शिकतो आणि हात बसला की मग माग. साधा यंत्रमाग उघडा असतो. धोटा कुठून निघतो, कुठे आदळतो, तार का तुटली, हे डोळ्यांना दिसतं. बिघडला तर गल्लीतला मिस्त्री खोलतो. 

ओपन सोर्समध्ये गाववाला नसतो. त्याची जागा एकच गोष्ट घेऊ शकते : ती वस्तू स्वतः वापरल्याने आलेली ओळख. जिया टॅनने कोड आणला, तो कोणीही आणू शकतो. टी-शर्टवाल्यांनी काहीच आणलं नाही. प्रकल्पाकडे जे नाही आणि मिळण्याची सोयही नाही, ते घेऊन जो जातो, त्याला स्वागत मागावं लागत नाही. भिवंडीच्या पोराकडे असं काय आहे, याची मोजदाद केली तर ती बरीच भरते.

पहिली गोष्ट, पत्ते. अंजूरफाट्यापासून माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेरपर्यंत पसरलेल्या गोदामांत अर्ध्या मुंबईचा माल ठेवलेला असतो, आणि कंटेनर घेऊन आलेला परप्रांतीय ड्रायव्हर रात्री दोन वाजता टपरीवाल्याला उठवून 'कंपाउंड' विचारत असतो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, कोणालाही दुरुस्त करता येणारा नकाशा आहे. गोदामाचं फाटक कोणत्या अंगाला आहे, कोणत्या गल्लीत ट्रक वळत नाही, पुलाखाली उंची किती, हे उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही. तिथे उभ्या असलेल्या माणसाला दिसतं. त्यासाठी लॅपटॉपही लागत नाही. 'स्ट्रीटकम्प्लीट' हे अँड्रॉइड ॲप, तेही ओपन सोर्स, रस्त्यावर उभं करून साधे प्रश्न विचारतं : या रस्त्याचं नाव काय, पृष्ठभाग डांबराचा की काँक्रीटचा. याच नकाशात एका जागेला मराठी, उर्दू, तेलुगू अशी वेगवेगळी नावं देता येतात. ज्या गावात धामणकर नाक्यावर मराठी, निजामपुऱ्यात उर्दू आणि पद्मानगरात तेलुगू कानावर पडते, तिथल्या कॉलेजातल्या एका बाकावर ही तिन्ही नावं बरोबर लिहिणारी मुलं सहज सापडतील. असा बाक फार ठिकाणी भरत नाही.

यावर एक खणखणीत आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. २०२२ च्या डिसेंबरात ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी मिळून 'ओव्हर्चर मॅप्स' ही संस्था काढली. ती ओपनस्ट्रीटमॅपची माहितीही वापरते. म्हणजे पोराने उन्हात फिरून फाटकं नोंदवायची आणि त्याचा फायदा कोट्यवधींच्या कंपन्यांनी घ्यायचा. ही फुकटची मजुरी नव्हे का? काही अंशी आहेच. पिकावर, म्हणजे मागावरच्या एकेका आडव्या धाग्यावर, पैसे मोजून घेणाऱ्या गावाला हे शिकवायला नको. पण एकदा नोंदवलेलं फाटक त्या टपरीवाल्याच्या पोराच्या ॲपलाही फुकट मिळतं आणि कोणी ते उद्या कुलूपबंद करू शकत नाही, हेही तितकंच खरं. शिवाय कोणत्या प्रकल्पाला फुकट वेळ द्यायचा आणि कोणत्याला नाही, हे ठरवताना त्यामागे कोणाची तिजोरी आहे, हे पाहण्याचा हक्क नवख्याला आहेच. स्वागत करणारा कंपनीच्या पगारावर असेल, तर त्याच्या हसण्यातला गोडवा थोडा वजा करून घ्यावा.

दुसरी गोष्ट, धंद्याची रीत. ईआरपीनेक्स्ट ही हिशेब आणि मालसाठा सांभाळणारी मुक्त प्रणाली मुंबईतल्या फ्रापे या कंपनीची. घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर लागलं, त्यातून रुषभ मेहता यांनी ती उभी केली. कच्चा माल बाहेर देऊन तयार माल परत घेण्याची सोय तिच्यात आहे. भिवंडीचा सारा व्यवहार तोच : व्यापारी सूत देणार, मागवाला पिकाच्या हिशेबाने मजुरी घेऊन कापड देणार. पण घट किती धरायची, चिंधी कोणाची, बीमवर उरलेलं सूत कोणाच्या खात्यावर, हे वडिलांच्या वहीत रोज पाहणारा मुलगा प्रकल्पाला जे सांगू शकतो, ते एमबीए झालेला सांगू शकत नाही. तो कोडची एक ओळ न लिहिता, वहीच्या दोन पानांवरून नीट मांडलेला प्रश्न घेऊन गेला, तरी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याची शक्यता 'प्लीज असाइन मी'पेक्षा कितीतरी जास्त.

राहिला इंग्रजीचा अडसर. तो खरा आहे. आयआयटी मुंबईत कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज देऊन तयार करतो, म्हणजे शिकण्यापुरती सोय झाली. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'ला तर मराठीच हवी असते : वाक्य समोर येतं, ते फोनवर वाचून द्यायचं आणि दुसऱ्यांनी वाचलेलं तपासायचं. त्यात पुण्याची मराठी पुष्कळ जमली आणि भिवंडी-वाड्याकडची आलीच नाही, तर यंत्राला ती कळणार नाही. पण चूक कळवायची तर ती इंग्रजीतच लिहावी लागते. त्यावर उपाय साधा आहे. मेंटेनरला अलंकारिक इंग्रजी नको असतं. काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं : तीन ओळी आणि दोन स्क्रीनशॉट.

वऱ्हाळ्याच्या ऱ ची तक्रार अशीच लिहिता येईल. एका चित्रात बरोबर दिसणारं नाव, दुसऱ्यात ह च्या डोक्यावर रफार बसलेलं. मेंटेनरला मराठी येत नाही, म्हणून शाळकरी उदाहरण जोडायचं : आचार्य म्हणजे गुरू, आचारी म्हणजे स्वयंपाकी, अनेकवचनात फरक एवढ्या एका पापणीचा. कोणता फोन, ॲपची कोणती आवृत्ती. आणि शेवटी, त्याला स्वतःच्या कीबोर्डवर इनस्क्रिप्ट ही मराठी कळांची मांडणी लावून करून बघता यावं म्हणून कळांचा क्रम : बी, शिफ्ट-जे, डी, यू, ई, शिफ्ट-एन, ई.